एमूच्या पिल्लाचा पाय फाकतो, तोल जातो: कॅल्शियम देण्याआधी काय पाहावे

नमस्कार.

तुमचा प्रश्न मला नीट कळला आहे ना, हे पडताळण्यासाठी तो आधी माझ्या शब्दांत मांडतो. घोडबंदर रस्त्यावर ओवळ्याला तुमची वाडी आहे आणि तिथे पाच आठवड्यांची एमूची दोन पिल्ले आहेत. एक व्यवस्थित हिंडते. दुसऱ्याचा उजवा पाय आठ-दहा दिवसांपासून बाहेरच्या बाजूला जातो, चार-सहा पावले टाकली की ते उजव्या अंगावर किंवा चक्क मागे कोलमडते, आणि आता ते दिवसाचा बराचसा वेळ बसूनच काढते. दुपारची चार तासांची मोकळीक सोडली तर दोन्ही पिल्ले घरातल्या लादीच्या खोलीत असतात. खायला ब्रॉयलरचे स्टार्टर आणि रोज एक उकडलेले अंडे दिले जाते. कोणाच्या तरी सांगण्यावरून तुम्ही कॅल्शियमचे पातळ औषध सुरू केले आहे आणि आता ते किती द्यावे व पायाला कामट्या कशा बांधाव्यात, एवढेच तुम्ही विचारले आहे.

या दोन्हींची उत्तरे मी शेवटपर्यंत तुम्हाला हव्या त्या स्वरूपात देणार नाही, हे आधीच सांगतो. याचे कारण असे, की तुमच्या पिल्लाला नेमके काय झाले आहे हे ठरण्यापूर्वी कॅल्शियम वाढवणे आणि पाय बांधणे या दोन्ही गोष्टींनी भले होण्यापेक्षा वाईट होण्याचा संभव अधिक आहे. पाय वाकडा झाला म्हणून तोल जातो आहे, तोलच बिघडला म्हणून पाय वाकडा पडतो आहे, की अंगातली ताकद गेल्यामुळे दोन्ही दिसते आहे, हा इथला खरा प्रश्न आहे. या तिन्हींचे उपचार वेगळे आहेत आणि काही बाबतींत एकमेकांच्या उलट आहेत.

मी ठाण्यात गेली पंचवीस वर्षे पशुवैद्यक म्हणून काम करतो. माझे बरेचसे काम कोंबड्यांचे आणि घरगुती प्राण्यांचे आहे, परंतु २०१२ मध्ये एमूचा धंदा कोसळला त्याआधीची काही वर्षे मुरबाड आणि शहापूरकडच्या शेडांवर माझ्या नियमित फेऱ्या असत. त्या काळात पाय गेलेली पिल्ले मी इतकी पाहिली, की पुढे प्रौढ एमूंपेक्षा पिल्लांच्या पायांचाच अनुभव गाठीशी उरला. तुमचे पिल्लू मी पाहिलेले नाही, त्यामुळे खाली जे लिहितो आहे ते निदान नव्हे. निदानापर्यंत कसे जायचे आणि तोवर त्याचे नुकसान कसे टाळायचे, याचा तो विचार आहे.

उद्या सकाळी खाणे देण्यापूर्वी पिल्लाला कोरड्या, सपाट मातीवर सोडा. घरातल्या एखाद्या माणसाला दहा फुटांवर कोथिंबिरीची काडी घेऊन बसवा आणि दुसऱ्याने मोबाइल पिल्लाच्या उंचीवर धरून समोरून, मागून आणि बाजूने चित्रण करावे. हे करताना पायाकडे आधी पाहू नका, डोके पाहा. डोके स्थिर आहे, नजर चौकस आहे आणि पान समोर आल्यावर पहिल्याच चोचीत ते अचूक पकडते आहे, असे असेल तर मेंदू आणि कान यांचा दोष असण्याची शक्यता बरीच कमी होते. उलट मान एका बाजूला कललेली आहे, डोके मागे वळून आभाळाकडे जाते आहे, मानेला कंप आहे, पिल्लू एकाच दिशेने गोल फिरते आहे किंवा पानाच्या शेजारी चोच मारते आहे, यांपैकी काहीही दिसले तर पायाचा दोष दुय्यम समजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. बहुतेक लोक पायाचाच फोटो पाठवतात आणि त्यात डोके चौकटीबाहेर राहिलेले असते, म्हणून हे सविस्तर लिहिले.

आता पाय. एमूच्या पायात मागे वाकणारा जो सांधा आपल्याला गुडघा वाटतो तो गुडघा नाही, तो घोटा आहे. खरा गुडघा वर, पोटाला लागून, पिसांत दडलेला असतो. घोट्याच्या वर मांसल नडगी आणि घोट्याच्या खाली खवल्यांची लांब नळी, जी आपल्या तळपायातल्या हाडांची जागा घेते. ही रचना डोक्यात ठेवून मागून घेतलेले चित्रण पाहिले की बऱ्याच गोष्टी उलगडतात.

पहिला प्रकार पाय फाकण्याचा. यात नडगी, घोटा आणि नळी एका रेषेत सरळ असतात, बोटे पुढे असतात, पण अख्खा पाय खुब्यातून बाहेर घसरतो. हा बहुधा गुळगुळीत जमिनीचा परिणाम असतो आणि तो अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या आठवड्यातच दिसू लागतो. दुसरा प्रकार हाडाला पीळ पडण्याचा. यात घोट्याच्या वरची नडगी स्वतःभोवती वळत जाते, त्यामुळे गुडघा पुढे असतो पण पावलाची बोटे बाहेरच्या दिशेला वळलेली दिसतात आणि दर आठवड्याला थोडी अधिक वळतात. शहामृग, एमू यांसारख्या मोठ्या, न उडणाऱ्या, झपाट्याने वाढणाऱ्या पक्ष्यांमध्ये हा दोष दोन आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत केव्हाही सुरू होऊ शकतो. तिसरा प्रकार घोट्यामागची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाशी जोडणारा दोर, जागेवरून सरकण्याचा, ज्याला पोल्ट्रीवाले पेरोसिस म्हणतात. घोट्याच्या मागे मध्यभागी बोटाला जाड दोरीसारखी ती लागते. ती जागेवर न लागता बाजूला लागली, घोटा सुजलेला आणि चपटा झाला असेल आणि पिल्लू तो पाय सरळच करू शकत नसेल, तर उशीर करू नका, कारण पहिल्या एक-दोन दिवसांत डॉक्टर ती जागेवर आणून टाके घालू शकतात, नंतर ती ज्या खोबणीत बसते ती खोबणच उथळ होत जाते. चौथा प्रकार असा, की हाडे सरळ, सांधे सरळ, पण पायांत जीवच नाही. पिल्लू उभे राहते, थरथरते आणि बसते किंवा मागे पडते. बोटे मुठीसारखी आत वळणे हा आणखी एक प्रकार आहे, त्यात रायबोफ्लेविनची, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाची, कमतरता आधी तपासतात. तुमच्या वर्णनात तो दिसत नाही.

तुमच्या मजकुरावरून माझा कल कुठे जातो, तेही सांगतो. पाय चौथ्या आठवड्यात बिघडला, म्हणजे निव्वळ फाकण्याची शक्यता कमी आणि पीळ पडू लागल्याची शंका जास्त. परंतु पीळ पडलेले पिल्लू सहसा दोषी पायाच्या बाजूला पडते, मागे कोलमडत नाही. मागे पडणे आणि दिवसभर बसून राहणे यांवरून चौथ्या प्रकाराचा, म्हणजे स्नायूंच्या दुर्बलतेचा वास येतो, आणि त्या वासाचा माग तुमच्या खाद्याच्या पोत्यापर्यंत जातो.

पोत्याला शिवलेली चिठ्ठी आज वाचा. तीत मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन, मॅड्युरामायसिन किंवा लासालोसिड यांपैकी एखादे नाव आहे का, ते पाहा. नाव नसेल तर दुकानदाराला विचारून घ्या, कारण सुटे खाद्य घेतले असेल तर चिठ्ठीच नसते. कोंबड्यांना रक्ती हगवणीपासून वाचवण्यासाठी ही औषधे ब्रॉयलरच्या खाद्यात मिसळतात आणि कोंबडीला ती ठरलेल्या प्रमाणात पचतात. शहामृग-एमूंच्या कुळाला मात्र ती झेपत नाहीत. घोड्यालाही झेपत नाहीत, हे तबेल्यात काम केलेल्या कोणालाही माहीत असते. त्यांनी स्नायूंच्या पेशी मरतात, पायांचे मोठे स्नायू आधी ढिले पडतात आणि हृदयाचा स्नायूही त्यातून सुटत नाही. पिल्लू शुद्धीत असते, चौकस असते, खायलाही मागते, फक्त उठू शकत नाही. यावर उतारा म्हणून द्यायचे औषध नाही. खाद्य थांबवणे आणि आधार देणे एवढेच आपल्या हाती असते. मग दुसरे पिल्लू त्याच खाद्यावर ठणठणीत कसे, असे तुम्ही विचाराल. दोन पिल्ले सारखे खात नाहीत, आणि जो लवकर पोट भरून घेतो तो आधी पडतो.

औषध नसलेले निघाले तरीही ब्रॉयलरचे खाद्य एमूच्या पिल्लासाठी चुकीचेच आहे. ब्रॉयलर कोंबडीने पाच-सहा आठवड्यांत दोन किलोंच्या पुढे जावे आणि विकली जावी, यासाठी ते बनवलेले असते. त्या कोंबडीचे पाय दोन वर्षे टिकावेत अशी कोणाचीच अपेक्षा नसते. एमूचे पिल्लू अंड्यातून साधारण चारशे-साडेचारशे ग्रॅमचे निघते आणि त्याच्या लांब, अजून मऊ असलेल्या हाडांवर रोज वाढणारा भार येत असतो. वजन हाडांच्या पुढे पळाले की नडगी पिळवटते. त्यावर तुम्ही रोजचे एक अंडे घालता, म्हणजे आगीत तेल. अंडे आजच बंद करा. अंड्यावर येण्यापूर्वीच्या कोंबड्यांच्या पिल्लांसाठी मिळणारा, वरची औषधे नसलेला चिक मॅश पाहा. सुरुवातीच्या टप्प्यात एकूण आहारात प्रथिने वीस टक्क्यांच्या आसपास असली की पुरे. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे लेअर खाद्य मात्र चुकूनही आणू नका, कारण त्यात कवचासाठी साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असते आणि पिल्लांच्या मूत्रपिंडांची त्याने वाट लागते. जोडीला मेथी, कोथिंबीर, कोबीची पाने किंवा लसूणघास अर्ध्या इंचापेक्षा लहान चिरून द्या. लांब गवत पोटात गुंता करून बसते. पालक टाळलेला बरा, त्यातील ऑक्झॅलेट आहारातले कॅल्शियम अडवून ठेवते.

आता त्या कॅल्शियमच्या बाटलीकडे येऊ. पाय वाकडा दिसला की कॅल्शियम, ही आपल्याकडची जुनी सवय आहे आणि ती पूर्ण निराधारही नाही, कारण मुडदूस झालेल्या पिल्लाची हाडे खरोखरच मऊ होतात आणि चोच बोटाने दाबली तर रबरासारखी वाकते. पण मुडदूस तीन गोष्टींनी होतो. कॅल्शियम कमी, स्फुरद कमी किंवा ड जीवनसत्त्व कमी. तयार खाद्य खाणाऱ्या पिल्लात कॅल्शियम कमी पडण्याची शक्यता सगळ्यांत कमी असते. वरून ओतलेले जादा कॅल्शियम आतड्यात स्फुरद, मँगेनीज आणि जस्त यांना अडवते, आणि मँगेनीज कमी पडले की ती घोट्यामागची कंडरा सरकण्याचा धोका वाढतो. म्हणजे एक वाकडेपणा सुधारण्याच्या नादात दुसरा ओढवून घेतला, असे होते. क्ष-किरण चित्रात हाडे विरळ दिसल्याशिवाय मी कॅल्शियम देत नाही. ड जीवनसत्त्वासाठी ऊन आहे. मार्चमध्ये ठाण्यात त्याची वाण नाही. सकाळी नऊ-साडेनऊच्या उन्हात अर्धा तास, शेजारी सावली आणि पाणी ठेवून, पुरेसे होते. काचेच्या खिडकीतून आलेले ऊन मात्र या कामाचे नाही, कारण ज्या किरणांनी त्वचेत हे जीवनसत्त्व तयार होते ते काच अडवते.

यानंतर जमीन. लादी, फरशी, वर्तमानपत्र, प्लास्टिकचा कागद हे सगळे एकाच माळेचे मणी आहेत. पाय रोवला जात नाही आणि प्रत्येक उठण्याला पिल्लू खुबा ताणते. तीन इंच कोरडे भाताचे तूस पसरून त्यावर धुतलेले गोणपाट घट्ट अंथरा. कडा खाली दुमडा आणि सुटलेले धागे कापून टाका, कारण एमूचे पिल्लू धागा दिसला की ओढते आणि गिळते. त्याच नजरेने खोलीत आणि अंगणात खिळे, तारेचे तुकडे, स्क्रू, बाटल्यांची झाकणे शोधा. घोडबंदर पट्ट्यात शेजारी कुठे ना कुठे बांधकाम चालू असतेच, आणि चकाकणारी वस्तू या पक्ष्याला गिळावीशी वाटते. जस्ताचा मुलामा असलेली तार किंवा शिशाचा तुकडा पोटात राहिला तरी पिल्लू असेच लुळे पडते, डुलते. क्ष-किरण चित्र काढायला सांगण्यामागे हेही एक कारण असते.

पाय बांधण्याविषयी माझी स्वतःची चूक सांगतो. मुरबाडकडच्या एका शेडवर दीड महिन्याचे एक पिल्लू होते, बोटे चांगलीच बाहेर वळलेली. मी नवा होतो आणि शेडमालक काहीतरी करा म्हणून मागे लागला होता. मी कापूस लावून दोन कामट्या नीट बांधल्या, अगदी फोटो काढावा अशा. पाचव्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा नडगीचा पीळ तसाच होता, आणि घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी मात्र काळी पडली होती. पीळ हाडाच्या वाढीत होता. बाहेरून बांधून तो सुटणारा नव्हता, आणि मी फक्त रक्तपुरवठा अडवला होता. दरम्यान चांगल्या पायावर सगळा भार आल्याने तोही फाकू लागला. त्या पिल्लाला आम्ही वाचवू शकलो नाही. तेव्हापासून पीळ पडलेला पाय मी बांधत नाही.

निव्वळ फाकलेल्या पायाला मात्र पट्टीचा उपयोग होतो, आणि ती पायाला कामटी लावून नव्हे, तर दोन पायांना एकमेकांशी जोडून घालतात. दोन पायांत किती अंतर ठेवायचे हे पुस्तकात शोधू नका. तुमच्याकडे त्याच वयाचे निरोगी पिल्लू आहे, ते स्वस्थ उभे असताना त्याच्या दोन नळ्यांमधले अंतर मोजा आणि तेवढेच ठेवा. स्वतःलाच चिकटणारी दीड-दोन इंची मऊ पट्टी घोट्याखाली, नळीच्या मध्यावर, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी घ्या. पट्टीखाली करंगळी सहज गेली पाहिजे. दर बारा तासांनी सोडून कातडी पाहा, बोटे गार किंवा सुजलेली नाहीत ना ते पाहा. सुतळी, नाडी, सेलोटेप यांतले काही वापरू नका. चौथ्या दिवशी फरक दिसला नाही तर तो फाकण्याचा प्रकार नव्हता असे समजून पट्टी काढून टाका. कोपरखैरण्याच्या एका गच्चीवर टाइलवर वाढलेले दहा दिवसांचे पिल्लू अशा पट्टीने आणि गोणपाटाने आठवड्याभरात सरळ चालायला लागलेले मी पाहिले आहे, पण ते दहा दिवसांचे होते. तुमचे पाच आठवड्यांचे आहे, म्हणून तेवढी आशा मी तुम्हाला देत नाही.

व्यायामाच्या बाबतीत तुम्हाला परस्परविरोधी सल्ले मिळाले असतील आणि दोन्ही आपापल्या जागी खरे आहेत. एमूच्या पिल्लाला पळायला लागते. निरोगी पिल्लांसाठी किमान तीस फुटांची सरळ धाव असावी, हा नियम शेडांवर पाळला जाई, आणि जिथे जागा वाचवायला तो मोडला तिथे पाय गेलेली पिल्ले हमखास सापडत. पण स्नायूंनाच इजा झाली असेल तर पळवण्याने ती वाढते. म्हणून क्रम असा ठेवा: खाद्य बदलल्यानंतर पहिले तीन दिवस पिल्लाला लहान, मऊ जागेत विश्रांती द्या, ताकद परतते आहे असे दिसले तर चौथ्या दिवसापासून दुसऱ्या पिल्लाच्या मागे पाच-पाच मिनिटे चालू द्या. ते पडू लागले की थांबा. तीन दिवसांत ताकद अजिबात परतली नाही, तर घरचे प्रयोग तिथेच संपवा.

विश्रांतीच्या काळात पिल्लू एकाच कुशीवर पडून राहू देऊ नका. दर दोन तासांनी त्याला छातीवर, पाय पोटाखाली नीट दुमडून बसवा. एमूच्या छातीचे हाड कोंबडीसारखे उभ्या धारेचे नसते, सपाट असते, त्यामुळे ते असे बसलेले स्थिर राहते. घोट्यांवर आणि छातीवर लाली दिसली तर खाली जाड टॉवेल घाला. उचलताना दोन्ही तळहात पोटाखाली घ्या. पायांनी किंवा त्या इवल्याशा पंखांनी कधीही उचलू नका. पाणी आणि खाद्य बसल्या जागी चोच पोचेल अशा उथळ भांड्यात ठेवा. दोन पिल्लांमध्ये जाळी लावा, म्हणजे एकमेकांना दिसतील पण धडधाकट भावंड याच्या पायावर पाय देणार नाही. एकटे ठेवू नका. एकटे पडलेले पिल्लू खाणे सोडते.

माझ्या अनुभवात सगळ्यांत सुरक्षित व्यायाम पाण्याचा. कपडे भिजवायच्या मोठ्या टबात कोमट पाणी घ्या, इतके की पिल्लाचे अर्धे अंग तरंगेल आणि बोटे तळाला टेकतील. तळाशी रबरी चटई घाला. हात छातीखाली ठेवून पाच मिनिटे, दिवसातून दोनदा. पाण्यात भार नसल्याने ते आपोआप पाय मारते आणि कोणता पाय किती मारते हे तुम्हाला स्पष्ट दिसते. निदानालाही याची मदत होते. दोन्ही पाय जोरात आणि सारखे चालले तर स्नायू व मज्जातंतू शाबूत आहेत आणि दोष हाडात आहे, असे मी धरतो. नंतर पूर्ण कोरडे करा, पंख्याखाली ठेवू नका. पाण्याच्या दिवशी पिल्लू दमलेले दिसले तर दुसरी पाळी गाळा.

डोक्याचा दोष दिसला तर काय, हे थोडक्यात. मान मागे वळून आभाळाकडे जात असेल तर थायामिनची, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाची, कमतरता हे एक कारण असते, आणि ते इंजेक्शनने झपाट्याने सुधारू शकते. हगवणीसाठी कोणी अँप्रोलियम दिले असेल तर ते आठवणीने डॉक्टरांना सांगा, कारण ते औषध थायामिनच्याच मार्गात आडवे येते. मार लागणे, कानाचा संसर्ग, धातूची विषबाधा ही दुसरी कारणे. कोंबड्यांचा राणीखेत हा विषाणूजन्य रोगही मानेवर आणि तोलावर जातो, म्हणून वाडीवर कोंबड्या असतील आणि त्यांच्यातही मान वाकडी होणे, हिरवी हगवण किंवा एकाएकी मरतूक दिसत असेल तर पिल्लू कुठेही हलवू नका. आधी शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा पशुवैद्यकीय मदतीच्या १९६२ या क्रमांकावर कळवा. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे कोंबड्यांच्या मृत्यूनंतर बर्ड फ्लूचे निदान झाले आणि हजारो पक्षी नष्ट करावे लागले, हे आपल्या जिल्ह्यात फार जुने नाही.

वेदनाशामकाविषयी एक ठाम सूचना. घरातली माणसांची गोळी चुरून देऊ नका. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेल्या जनावरांची मढी खाऊन गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली, हे सर्वांना माहीत आहे आणि जनावरांसाठी त्याच्या वापरावर २००६ पासून बंदी आहे. पक्ष्यांच्या मूत्रपिंडांशी असे खेळ करू नयेत. वेदना असेल तर डॉक्टर वजन करून योग्य औषध देतील.

कुठे जायचे, हेही तुम्ही विचारले नसले तरी सांगतो. ठाण्यातल्या काही खासगी दवाखान्यांत क्ष-किरण यंत्र असते, पण एमूच्या पिल्लाच्या नडगीचे चित्र वाचणारे डॉक्टर प्रत्येक ठिकाणी असतीलच असे नाही. फोन करून पक्षी पाहतात का ते विचारा. नाहीतर परळला पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे जावे लागेल. पहाटे निघा, माजिवडा आणि तीन हात नाक्याची गर्दी सुरू होण्यापूर्वी. एमू उष्णतेने लवकर धापा टाकतो. उंच बाजूंचे पुठ्ठ्याचे खोके, तळाला गुंडाळलेला टॉवेल अंगाच्या दोन्ही बाजूंनी लावून, आणि हवेसाठी भोके, एवढी तयारी पुरे. खाद्याच्या पोत्याची चिठ्ठी आणि मोबाइलवरचे चित्रण बरोबर न्या. तपासणीच्या टेबलावर पिल्लू घाबरून बसते आणि डॉक्टरांना चाल दिसतच नाही.

पुढे काय होईल, हे कारणावर अवलंबून आहे. खाद्यातल्या औषधाची बाधा असेल आणि हृदय वाचले असेल तर दोन-तीन आठवड्यांत पिल्लू उभे राहू शकते. पीळ नुकताच सुरू झाला असेल तर वजनवाढ मंदावून आणि चांगली जमीन देऊन तो आहे तिथे थांबलेला मी पाहिला आहे. थोडा बाहेर वळलेला पाय घेऊन ते पिल्लू जगू शकते. बोटे पूर्ण बाजूला वळली असतील तर हाड कापून सरळ करण्याची शस्त्रक्रिया अस्तित्वात आहे, पण वाढत्या पिल्लात तिचा निकाल मी फारसा चांगला पाहिलेला नाही आणि तुम्हाला ती सुचवणारही नाही. पिल्लू मोठे झाल्यावर तीस-चाळीस किलोंचे वजन त्याच दोन पायांवर येणार आहे, हे हिशेबात धरावे लागते. दोन्ही पाय गेले, घोट्यांवर जखमा झाल्या आणि ते खाण्यासाठीही उठू शकत नाही, अशी अवस्था आठवडाभर टिकली तर डॉक्टरांकडून त्याला वेदनारहित मरण देण्याचा विचार करावा. तो निर्णय माझ्यासमोर अनेकांनी उशिरा घेतला. लवकर घेतल्याचा पश्चात्ताप मात्र एकानेही बोलून दाखवला नाही.

दर रविवारी दोन्ही पिल्लांचे वजन करून लिहून ठेवा. खोक्यासकट काट्यावर ठेवून खोके वजा केले की झाले. आणि एक गोष्ट आजच करा: खाद्याचा आणि जमिनीचा बदल चांगल्या पिल्लासाठीही लागू करा, कारण तेही तीच लादी तुडवत आणि तेच पोते खात आहे. त्याचेही मागून चित्रण काढा आणि दहा दिवसांनी पुन्हा त्याच जागी, त्याच उंचीवरून काढून शेजारी ठेवा. बोटे किंचितही बाहेर गेलेली दिसली तर दोघांचीही चित्रणे, वजने आणि पोत्यावरची चिठ्ठी मला पाठवा. मग पुढचे बोलू.